वाक्य नसलेली नटी

चि. सोनू हिस,


नायिकेची भूमिका दुसऱ्या मुलीला गेली, असं ताईने फोनवर सांगितलं. तुझ्या वाट्याला दासी आली आहे. पहिल्या अंकात तबक घेऊन यायचं, ठेवायचं आणि निघून जायचं. वाक्य एकही नाही. कपडेपटही पुन्हा तुझ्याच गळ्यात, म्हणजे सगळ्यांच्या साड्यांना इस्त्री करायची, ज्याला त्याला पिना लावून द्यायच्या आणि मग धावत येऊन विंगेत उभं राहायचं. ग्रुपच सोडायचा तुझा विचार चाललाय, हेही ताई म्हणाली. अख्खा पावसाळा तू तालमीला वही धरून बसलीस. जो अडेल त्याला वाक्य पुरवलंस. नायिकेचं काम तुला नायिकेपेक्षा चोख पाठ आहे. तेव्हा तुझ्या पोटात काय कालवलं असेल ते मला समजतं.

भूमिका लहान नसते, नट लहान असतो, हे तुला एव्हाना चार जणांनी ऐकवलं असेल. मी ऐकवणार नाही. लहान भूमिका लहानच असते, आणि ज्याला सगळं नाटक तोंडपाठ आहे त्याला ती जास्त टोचते. माझं सांगणं वेगळं आहे. सोडायचं की राहायचं ते तू ठरव, पण त्याआधी एक सिनेमा बघ. अशाच एका मुलीचा आहे. शंभर वर्षांपूर्वीचा, मूकपट, अमेरिकेतला. नाव ‘एक्झिट स्माइलिंग’.

१९२६ चा हा सिनेमा. एमजीएम कंपनीचा, दिग्दर्शक सॅम टेलर, मूळ कथा मार्क कॉनेलीची. हा कॉनेली पुढे १९३० साली नाटकासाठी पुलित्झर मिळवणारा नाटककार. म्हणजे ज्यांना नाटकाच्या मागची बाजू आतून ठाऊक होती, त्यांच्यातल्याच एकाची ही गोष्ट. त्या वर्षांत हॉलिवूडला नटी होऊ पाहणाऱ्या मुलींच्या गोष्टींची फार ओढ होती. आदल्याच वर्षी ग्लोरिया स्वान्सनचा ‘स्टेज स्ट्रक’ आला. त्यात खानावळीत वाढणारी पोरगी नटी होण्याची स्वप्नं बघते, आणि ती स्वप्नं तेव्हाच्या दोनरंगी टेक्निकलरमध्ये दाखवली आहेत. १९२८ साली मॅरियन डेव्हिसचा ‘शो पीपल’ आला. दोन्ही सिनेमे चांगले आहेत, पुढे कधी बघ. पण त्या दोघींना शेवटी हवं ते मिळतं. ‘एक्झिट स्माइलिंग’मधल्या व्हायोलेटला मिळत नाही, म्हणून मी तुला हा सांगते आहे.

गोष्ट अशी. एक फिरती नाटक कंपनी आहे, ऑरलँडो वेनराइट नावाच्या मालकाची. रेल्वेच्या डब्यात बिऱ्हाड मांडून ही मंडळी अमेरिकेतल्या लहान लहान गावांत प्रयोग करत हिंडतात. नाटक एकच, ‘फ्लेमिंग विमेन’. भडक मेलोड्रामा, त्यात एक व्हॅम्प, पुरुषांना नादी लावणारी बाई. व्हायोलेट या कंपनीत पडेल ते काम करते. रांधते, धुते, कपडे सांभाळते, इस्त्री फिरवते आणि नाटकात मोलकरणीचं किरकोळ काम करते. तिच्या मनात मात्र ती व्हॅम्प असते. ती भूमिका तिला अक्षर न् अक्षर पाठ आहे. मुख्य नटी कधीतरी आजारी पडेल आणि आपल्याला उभं राहायला मिळेल, या आशेवर तिचे दिवस चालले आहेत. मुख्य नटी काही आजारी पडत नाही.

मग तिला जिमी मार्श भेटतो. ईस्ट फार्नहॅम नावाच्या गावातल्या बँकेत नोकरीला होता, पैशांच्या अफरातफरीचा खोटा आळ आला म्हणून गाव सोडून पळालेला. व्हायोलेट त्याच्यावर जीव टाकते आणि त्याला कंपनीत काम मिळवून देते. नाटकात काम! जे तिला स्वतःला मिळत नाही ते ती त्याला मिळवून देते. त्याला नाटकाचा गंधही नाही, पण तो पुरुष आहे, देखणा आहे, जागा रिकामी आहे. सिनेमा या गोष्टीवर बोट ठेवत नाही, पटकन पुढे जातो. तू मात्र तिथे थांब. तालमीच्या खोलीत हे रोज घडतं, आणि घडत असताना कुणाला त्यात काही गैर वाटत नाही.

फिरत फिरत कंपनी नेमकी ईस्ट फार्नहॅमला येते. जिमीला आपल्याच गावात रंगमंचावर तोंड दाखवायची सोय नाही. तेव्हा त्याच्या जागी, त्याच्या कपड्यांत, पुरुष होऊन उभी राहते ती व्हायोलेट. इतकी वर्षं ज्या संधीची वाट पाहिली ती अशी येते. व्हॅम्पच्या झगमगत्या झग्यात नाही, दुसऱ्याच्या कोटात, दुसऱ्याला वाचवायला. इथे सिनेमा मोकळेपणाने हसवतो आणि तूही हसशील. हसून झाल्यावर एवढंच लक्षात घे की ऐन वेळी ती उभी राहू शकते. कारण तिला फक्त व्हॅम्प पाठ नाही, अख्खं नाटक पाठ आहे. वही धरून बसणाऱ्याला जे मिळतं ते हेच.

त्याच गावात तिला खरा चोर कळतो. जेसी वॉटसन, जिमीचा प्रतिस्पर्धी. ज्या फिलिसवर जिमीचं प्रेम आहे तिच्यासाठी त्यानेच जिमीला अडकवलेलं असतं. जिमी निर्दोष ठरायचा तर जेसीला काही काळ अडवून धरायला हवं. आणि एखाद्या पुरुषाला अडवून कसं धरायचं हे व्हायोलेटला कुठून माहीत? ‘फ्लेमिंग विमेन’मधून! ती व्हॅम्पचे कपडे चढवते आणि जेसीसमोर जाऊन, ज्या भूमिकेची तिने इतकी वर्षं वाट पाहिली, ती करते.

सोनू, हा प्रवेश तू एकदा बघून सोडू नकोस. परत लाव. अभिनयाच्या शिबिरात पैसे मोजून मिळणार नाही असं काहीतरी त्यात आहे.

व्हायोलेट ही काही मोहिनी नाही. तिला त्या लकबी बाहेरून पाठ आहेत, मुख्य नटीच्या अंगावर पाहून पाहून. मान कशी कलवायची, हात कुठे टाकायचा, डोळे कधी मिटायचे, कुठल्या क्षणी जवळ जायचं. पण त्या लकबी तिच्या शरीरावर बसत नाहीत. त्या बसत नाहीत हे आपल्याला दिसतं, तिला दिसत नाही, तिचं चित्त घड्याळाकडे आहे. आता हे काम करणाऱ्या नटीने काय साधलंय बघ. तिला व्हायोलेट करायची आहे, व्हायोलेटला व्हॅम्प करायची आहे, आणि ती व्हॅम्प वाईट व्हायला हवी. तरीही समोरच्या माणसाने तिच्यात गुंतून पडावं इतपत ती खरी वाटली पाहिजे. एकाच अंगावर तीन माणसं चढवायची आणि एकीलाही दुसरीच्या आड लपू द्यायचं नाही. वाईट अभिनय चांगला करून दाखवणं ही फार अवघड गोष्ट आहे. कच्चा नट अशा वेळी प्रेक्षकाकडे डोळा मारतो, ‘बघा, मी मुद्दाम वाईट करतोय’ असं सुचवतो. ही बाई एकदाही तसं करत नाही. विनोद करायचाय असं तिच्या चेहऱ्यावर कुठेच नाही. व्हायोलेटच्या दृष्टीने तो जिमीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि ती तेवढ्याच गांभीर्याने तो उशी-पडद्यांचा खेळ खेळते. आपण हसतो ते तिच्या या गांभीर्यामुळे. तुमच्या ग्रुपात विनोदी प्रवेश बसवताना जो तो चेहरे करायला लागतो ना, त्यांना सगळ्यांना हे दाखव.

ही नटी म्हणजे बिअ‍ॅट्रिस लिली. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिच्याशिवाय हा सिनेमा नाही.

जन्म कॅनडातला, टोरांटोचा, १८९४ चा. आई आणि बहीण यांच्याबरोबर तिघींचा मिळून गाण्याचा ताफा, लहानपण त्यात गेलं. १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर आली आणि आंद्रे शार्लोच्या रिव्ह्यूंमधून नाव झालं. रिव्ह्यू म्हणजे गाणी, नाच, छोटी प्रहसनं यांची मैफल, कथा अशी नसते. पहिलं महायुद्ध चालू होतं, पुरुष आघाडीवर गेलेले, म्हणून लिलीने त्या वर्षांत पुष्कळदा पुरुषवेशात काम केलं. त्यामुळे ‘एक्झिट स्माइलिंग’मध्ये ती कोट घालून उभी राहते तेव्हा तिच्या मागे त्या तालमीची शिदोरी आहे. १९२४ मध्ये शार्लोची मंडळी न्यूयॉर्कला आली, गर्ट्रूड लॉरेन्स आणि जॅक ब्यूकॅनन यांच्यासोबत, आणि लिलीने ते शहर जिंकलं. दोन वर्षांत हॉलिवूडने तिला बोलावलं.

गंमत कशी आहे बघ. तिचं सगळं सामर्थ्य आवाजात होतं. एखादं भाबडं, गोडगोड गाणं ती अत्यंत सभ्यपणे, राणीच्या थाटात म्हणायची, आणि एखाद्या शब्दावर आवाज असा काही वळवायची की सभागृह कोसळायचं. नोएल कॉवर्डचं ‘मॅड डॉग्ज अँड इंग्लिशमेन’ हे गाजलेलं गाणं पहिल्यांदा रंगमंचावर म्हटलं ते तिने, १९३१ मध्ये न्यूयॉर्कला. अशा बाईला सिनेमात घेतलं ते कधी, तर सिनेमा मुका असताना! गाणं नाही, आवाज नाही, मधल्या पाट्यांवर येतील तेवढेच शब्द. जिच्या नावावर लोक तिकीट काढत होते ती गोष्टच काढून घेतली आणि म्हटलं, आता कर. व्हायोलेटला कंपनीने वाक्यं दिली नव्हती, लिलीला यंत्राने दिली नाहीत.

तिने काय केलं? मला तिच्याकडे बघताना नेहमी तिच्या मानेचं आणि पाठीचं आश्चर्य वाटतं. चेहरा सगळेच बघतात. लांबट चेहरा, उभट नाक, भिवया क्षणात वर चढणाऱ्या, ते आहेच. पण व्हायोलेट जेव्हा दासी असते तेव्हा तिची पाठ एक सांगते आणि मनातल्या मनात व्हॅम्प असते तेव्हा दुसरं. रंगमंचावर राणीसारखी ताठ उभी राहून पुढच्या क्षणी ते राणीपण मोडायचं, ही तिची जुनी विद्या होती. पुढे ती एक खेळ करायची. पायघोळ गाऊन घालून, नाजूक गाणं अगदी नीट म्हणून संपवायचं, मग गाऊन वर उचलायचा तर पायांत चाकांचे स्केट्स, आणि त्यावरून घरंगळत विंगेत निघून जायचं. हे आवाजाशिवायही कळतं. तिची कला घशाइतकीच घोट्यांत होती, हे या मूकपटामुळे आपल्याला पाहायला मिळतं. तिच्या गळ्यात मोत्यांचा लांब सर असायचा आणि तो ती मानेभोवती गरागरा फिरवायची, याच्याही आठवणी लोकांनी लिहून ठेवल्या आहेत.

तिचा हा एकच मूकपट. पुढे ती रंगमंचावरच रमली, सिनेमे मोजके केले, शेवटचा १९६७ चा ‘थरोली मॉडर्न मिली’. १९८९ मध्ये गेली. इतक्या मोठ्या विनोदी नटीचं तरुणपणचं मुख्य काम आज आपल्याला बघायला मिळतं ते या एका फितीमुळे.

दिग्दर्शकाचंही श्रेय आहे. सॅम टेलर हॅरॉल्ड लॉइडच्या तालमीतला. उंच इमारतीवर घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा चष्मेवाला लॉइड तुला ठाऊक आहे ना, त्या ‘सेफ्टी लास्ट’च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक टेलर. हशा एकदम फोडायचा नाही, पायरी पायरीने चढवायचा, आणि प्रत्येक पायरीवर त्या माणसाचं काहीतरी पणाला लागलेलं हवं, ही लॉइडच्या सिनेमांची रीत. व्हॅम्पचा प्रवेश तसाच बांधलाय. जिमीचं काम जॅक पिकफर्डने केलंय, मेरी पिकफर्डचा धाकटा भाऊ, तोही टोरांटोचाच. कंपनीतल्या नायकाच्या कामात फ्रँकलिन पँगबॉर्न आहे. पुढे बोलपटांत हॉटेलचे चिडके, टापटिपीचे मॅनेजर करून तो घराघरांत ओळखीचा झाला. इथे तो नाटकातल्या नायकाचा तोरा फार मजेत करतो.

आता शेवट. सांगून टाकते, कळल्याने तुझं काही बिघडणार नाही. जिमी निर्दोष ठरतो. फिलिस त्याची होते. तो गावातच राहणार. व्हायोलेटने त्याच्यासाठी काय केलं हे त्याला कधीच कळत नाही. तो चांगुलपणाने निरोप घेतो, ती हसते, आणि कंपनी पुढच्या गावाला निघते. सिनेमाच्या नावातच तो शेवट आहे, हसत निघून जाणं. दोन वर्षांनी चॅप्लिनच्या ‘द सर्कस’मध्ये सर्कशीच्या गाड्या निघून जातात आणि तो रिकाम्या मैदानात एकटा उरतो. त्या शेवटाचं जगभर कौतुक झालं, आणि ते रास्तच आहे. पण एका बाईने त्याच्याआधी असाच शेवट करून ठेवला होता हे फार कमी लोक सांगतात. फरक आहे तो पण बघ. चॅप्लिन मागे राहतो, आणि पाठमोरा चालत जातो. व्हायोलेटला मागे राहण्याचीही सवड नाही. तिला गाडीबरोबर जायचंय, उद्या प्रयोग आहे, कपडे धुवायचे आहेत. तिला चेहरा लपवायला जागा नाही. म्हणून तो हसरा ठेवावा लागतो.

या जागी माझं सिनेमाशी भांडण आहे, आणि ते तुला सांगायलाच हवं. हसत बाजूला होणारी बाई पुरुषांना फार आवडते. लिहिणाऱ्यांना, दिग्दर्शकांना, आपल्याकडच्या संगीत नाटकांतल्या आणि सामाजिक बोलपटांतल्या कितीतरी नायकांना. तिने सगळं केलं, काही मागितलं नाही, आणि म्हणून ती थोर. व्हायोलेट गप्प का राहते? तिने सांगितलं असतं तर जिमीने तिच्याशी लग्न केलं नसतं, हे खरं. पण निदान आभार तरी मानले असते, मालकाला जाऊन सांगितलं असतं की या मुलीला व्हॅम्प द्या, ती आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली करते. ते सांगणारं कुणी नव्हतं, आणि तिने स्वतः सांगितलं नाही. कॉनेली आणि टेलर यांनी तिला बोलू दिलं नाही. मला वाचवते ती लिली. तिचं हसू जे आहे त्यात थोरवीचा मागमूस नाही. त्या हसण्यात ती दुखावलेली आहे, आणि लपवायचा प्रयत्न करते आहे, आणि तो प्रयत्न पुरेसा पडत नाही. सिनेमा तिला गौरवायला निघाला असेलही. लिलीने मात्र आपल्याला व्हायोलेटची थोरवी नाही, तिचं नुकसान दाखवलं.

नुकसान हा शब्द मी जपून वापरला आहे. व्हायोलेटच्या आयुष्यातला सर्वोत्तम प्रयोग झाला, आणि तो पाहायला एकच माणूस होता, जो चोर होता आणि ज्याला तो प्रयोग आहे हेच माहीत नव्हतं. ‘फ्लेमिंग विमेन’चे प्रेक्षक, कंपनीचा मालक, ती मुख्य नटी, जिमी, कुणीही तो पाहिला नाही. तू अख्खा पावसाळा सगळ्यांना वाक्य पुरवताना मनातल्या मनात नायिका उभी केलीस, तीही कुणी पाहिलेली नाही. म्हणून मी तुझी समजूत घालत नाही. हे नुकसान आहे. ते मोजलं पाहिजे, गिळलं नाही पाहिजे.

लिलीच्या खऱ्या आयुष्यातली एक गोष्ट इथे आठवते. तिचा इंग्रज नवरा पुढे बॅरोनेट झाला, त्यामुळे ती लेडी पील. त्यांना एकुलता एक मुलगा. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलात होता आणि एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी कोलंबोच्या बंदरावर हवाई हल्ला केला तेव्हा त्याच्या जहाजावर मारला गेला. बातमी आली तेव्हा लिलीचे प्रयोग चालू होते, आणि तिने प्रयोग थांबवला नाही. ही गोष्ट लोक कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून सांगतात. मला ती तशी वाचवत नाही. त्या रात्री त्या बाईला कुठेतरी उभं राहायला हवं होतं, आणि उभं कसं राहायचं हे तिला एकाच ठिकाणी माहीत होतं. तुला कुणी हे उदाहरण देऊन ‘बघ, कलावंताने कसं असावं’ असं म्हणालं तर ऐकू नकोस. कुणाकडूनही इतकं मागू नये.

तुझ्यासाठी घराजवळच्याही काही बायका आठवल्या. ‘एक्झिट स्माइलिंग’ आला त्या वर्षी मराठी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका बहुतेक पुरुषच करत होते. व्हायोलेटला निदान दासीचं काम तरी मिळालं. आपल्याकडच्या मोठ्या मंडळ्यांत तिला तेही मिळालं नसतं, दासीलाही पुरुष होते. फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामती करायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या खानावळीत काम करणाऱ्या तरुणाने ती केली. पुढे ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यानेच केले. पण त्याच १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दोन बायका पडद्यावर आल्या, दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. या मायलेकी कुठून आल्या? फिरत्या नाटक कंपनीतून. व्हायोलेटसारख्याच गावोगाव हिंडणाऱ्या, बिऱ्हाड पाठीवर घेतलेल्या. कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. दुर्गाबाईंनी नाटकात जायचं ठरवलं तेव्हा समाज काय म्हणाला असेल याची तू कल्पना कर. तरीही त्या गेल्या.

आणखी एक. हा सिनेमा ज्या फिरत्या कंपन्यांबद्दल आहे, त्या तेव्हा मरायला टेकल्या होत्या, आणि त्यांना मारत होता तो सिनेमाच. ज्या लहान गावांत पूर्वी वर्षातून चार मंडळ्या उतरायच्या तिथे आता रोज रात्री पडदा उजळत होता, तोही स्वस्तात. म्हणजे ‘एक्झिट स्माइलिंग’ ज्या थिएटरांत लागला असेल त्यांतल्या कितीतरी जागा आधी व्हायोलेटच्याच कंपनीसारख्यांच्या असणार. आपल्याकडे तेच काही वर्षांनी, बोलपट आल्यावर झालं. संगीत मंडळ्या एकेक करून बसल्या. खुद्द बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले. तिकडे कोल्हापुरात मूकपट काढणारे बाबुराव पेंटर हेही मुळात नाटकाचे पडदे रंगवणारे. नाटकवाल्यांनीच सिनेमा उभा केला आणि सिनेमाने नाटकवाल्यांना जेवायला घातलं, उपाशीही ठेवलं. मालकाला, नटीला, पेटीवाल्याला पुढे कुठे ना कुठे काम मिळालं असेल. कपडे धुणाऱ्या आणि सगळ्या भूमिका पाठ असलेल्या व्हायोलेटांचं काय झालं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मला हा प्रश्न सुटत नाही, म्हणूनही हा सिनेमा माझ्या मनातून जात नाही.

आता तुझ्या प्रयोगाचं. रागावणार नसशील तर लिहिते.

तुमच्या दिग्दर्शकांना सरळ सांग की मला नायिकेची बदली म्हणून धरा, आणि एक दिवस माझी पूर्ण तालीम घ्या. आडून नको, ताईकरवी नको, मेसेज करून तर नकोच. तालीम संपल्यावर समोर उभी राहून सांग. तुला सगळं पाठ आहे हे त्यांना माहीतच नसेल. जो वही धरून बसतो तो वहीत बघून सांगतो असंच सगळ्यांना वाटतं. एकदा वही मिटून वाक्य दे, म्हणजे कळेल. त्यांनी नाही म्हटलं तर तो त्यांचा निर्णय, मग सोडायचं की नाही याचा विचार तू कर. पण त्यांनी तुला पाहिलंच नाही आणि तू निघून गेलीस, असं होऊ देऊ नकोस.

दासीचं म्हणशील तर तबक घेऊन येताना तिला कुठून यायचं आहे ते ठरव. स्वयंपाकघरातून आली तर हात ओले असतील, बाहेरून आली तर दम लागलेला असेल. नायिका तिच्याशी बोलत नाही, पण तिने आधी काय ऐकलंय? लिलीची पाठ बघितलीस की तुझ्या लक्षात येईल की वाक्य नसताना बाई रंगमंचावर किती काय सांगू शकते. हे मोठ्या भूमिकेच्या बदल्यात नाही, ही वेगळी गोष्ट आहे. आणि कपडेपटाला दुसरं कुणीतरी मागून घे. इस्त्री करून हात भाजलेली मुलगी तबक नीट धरू शकत नाही, एवढं कारण पुरेसं आहे. नाहीच ऐकलं तर निदान साड्या आदल्या दिवशी करून ठेव.

सिनेमा सव्वा-दीड तासाचा आहे. १९२६ चा असल्यामुळे अमेरिकेत २०२२ पासून तो स्वामित्वहक्कातून मोकळा झालाय, तेव्हा मिळायला अडचण येऊ नये. शक्यतो मोठ्या पडद्यावर बघ, मोबाइलवर तिचे घोटे दिसणार नाहीत. मैत्रिणींनाही बोलाव, विशेषतः जिला भूमिका मिळाली आहे तिला. ती तुझी शत्रू नाही, आणि मुख्य नटीच्या लकबी दुसरीच्या अंगावर कशा दिसतात हे तिनेही एकदा बघावं.

रविवारी संध्याकाळी मी घरी आहे. फोन कर आणि दुसऱ्या अंकातलं नायिकेचं लांब स्वगत मला म्हणून दाखव. वही न बघता, उभं राहून, पूर्ण आवाजात. शेजारी ऐकतील म्हणून हळू म्हणू नकोस.

तुझी
मावशी